बोटभर पडद्यावरचा कळस

ही डिस्क रिकामी आहे, असं कॉम्प्युटरने सांगितलं.

मी ती बाहेर काढली आणि खिडकीकडे नेऊन उलटी धरली. रिकामी नव्हती. डिस्कवर काही लिहिलेलं असेल तर चकचकीत बाजूला एक गडद पट्टा दिसतो. कोऱ्या डिस्कचा रंग सगळीकडे सारखा असतो. इथे पट्टा होता. वरच्या बाजूला माझ्याच अक्षरात, मार्करने लिहिलेलं होतं: 'बाबा, दर्यातली जागा'. तेरा वर्षांपूर्वी ही डिस्क मीच घरच्या कॉम्प्युटरवर तयार केली होती, आणि 'तपासणी पूर्ण, चूक नाही' असा निरोप पडद्यावर आल्यावरच ड्राइव्हमधून काढली होती. तो निरोप मी खरा मानला. शिकलेल्या माणसाची ही एक खोड असते. पडद्यावर आलेलं त्याला खरं वाटतं.

मी वैभववाडीला एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मीच. हे सांगताना अजून थोडा संकोच होतो, कारण ती पदवी माझ्या एकट्याची नाही. आमचं घर आचऱ्याच्या बाजूला, समुद्राला लागून. बाबा गरीने मासे मारायचे. म्हणजे जाळं नाही. दोरीला गळ लावून, खडकातले मासे. होडीवर दुसरा माणूस लागायचा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा दादा आठवीत शाळा सोडून तो दुसरा माणूस झाला. मला गणित येत होतं म्हणून गुरुजी एकदा घरी आले आणि बाबांना म्हणाले, "याला समुद्रावर नेऊ नका." बाबांनी ते ऐकलं. दादाने ते ऐकून घेतलं. मी बारावी झालो, बी.एस्सी. झालो, आणि दर सुट्टीत घरी गेलो की दादाच्या तळहातावरच्या दोरीच्या रेघा वाढलेल्या दिसायच्या. त्या रेघांचे उपकार मी कधी विसरलो नाही. पुढे जे लिहितो आहे ते वाचताना हे लक्षात असू द्यावं.

खडकातला मासा कुठेही मिळत नाही. वरून समुद्र सगळीकडे सारखा दिसतो. खाली मात्र एखाद्याच ठिकाणी खडक असतो आणि तांबोशी, गोबरे हे मासे त्याला धरून राहतात. ती जागा पुन्हा सापडायची तर किनाऱ्यावरच्या खुणा जुळवाव्या लागतात. एका दिशेला दोन वस्तू एकामागे एक यायला हव्यात, समजा देवळाचा कळस आणि त्याच्या मागे डोंगरातली खिंड. दुसऱ्या दिशेला तशाच आणखी दोन. दोन्ही जोड्या एकदम जुळल्या की होडी बरोबर खडकावर. एकच जुळली तर खाली नुसती वाळू. अशा जागा घराण्यात चालत येतात. बाबांना त्यांच्या वडिलांकडून एक जागा मिळाली होती. होड्यांवर जीपीएसची यंत्रं आली तेव्हा बहुतेकांनी घेतली, बाबांनी घेतलं नाही. "यंत्र बंद पडता. डोंगर खंय जाता?" म्हणायचे.

माझी नोकरी कायम झाली त्या वर्षी मी पहिली मोठी खरेदी केली ती कॅमेऱ्याची. हाय डेफिनिशन हा शब्द आमच्याकडे तेव्हा नवा होता. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो आणि बाबांना म्हटलं, "बाबा, तुमची जागा माका सांगा. मी व्हिडिओ करून ठेवतंय. नायतर ही इद्या जातली. उद्या पोरांक दाखवक येयत."

मी हे अगदी मनापासून म्हटलं. बाबा पायरीवर बसून दोरीतला गुंता सोडवत होते. तो सगळा त्यांनी सोडवला. मग म्हणाले, "फाल्या दुपारी चल होडयेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गेलो. जागेवर पोचल्यावर दादाने नांगर सोडला आणि मागच्या बाजूला जाऊन गरी टाकून बसला. बाबा मधे उभे राहिले. मला त्यांनी पुढच्या टोकावर, नाळेवर बसवलं. "असो बस. उन्हा पाठीर घे. नायतर चेहरो काळो येता." जन्मात कॅमेरा हातात न धरलेल्या माणसाला हे कसं कळलं याचं मला कौतुक वाटलं होतं. ऊन कलतं होतं, म्हणजे माझ्या पाठीशी मोकळा समुद्र आणि माझ्यासमोर बाबा, दादा आणि त्यांच्या मागे आमचा किनारा.

बाबांनी सांगितलं, "पयली खूण. देवळाचो कळस डोंगराच्या खिंडीत बसाक व्हयो. दुसरी खूण उत्तरेक. काळ्या खडपाच्या टोकाक माडांची जोडी लागाक व्हयी. दोनय जुळले काय नांगर सोड. खाली घराण्याचा आसा." मी सांगतो तेव्हा ते शब्द साधे वाटतात. तेव्हा, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यातल्या त्यांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून ऐकताना, माझ्या अंगावर काटा आला होता. बाबांनी मला आजवर समुद्रापासून लांब ठेवलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा त्यांनी मला आत घेतलं, असं मला वाटलं.

पुढे घर आणि होडी दादाच्या नावावर करायचे कागद झाले. मी आनंदाने सही केली. तहसील कचेरीबाहेर चहा घेताना बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुका मी दर्यातली जागा दिलंय मां." मला काही कमी मिळालं असं क्षणभरही वाटलं नाही. कॉलेजात कुणी विचारलं तर मी सांगायचो, दादाला होडी मिळाली, मला समुद्र मिळाला.

कॅमेऱ्याचं कार्ड एकच होतं. ते रिकामं करायला हवं म्हणून मी व्हिडिओ दोन डिस्कवर लिहिला, एक मला, एक दादाला, आणि कार्ड पुसून टाकलं. दादाची डिस्क त्यांच्या घरच्या डीव्हीडी मशिनीत चालली नाही. "ह्यां तुझा आमच्या मशिनीत चलना नाय," तो फोनवर म्हणाला. मी त्याला समजावलं की डिस्क दिसायला तशीच असली तरी आतला व्हिडिओ वेगळ्या प्रकारचा आहे, त्याला कॉम्प्युटर लागतो. पुढच्या खेपेला ती डिस्क परसातल्या मिरच्यांवर दोऱ्याला टांगलेली दिसली. पाखरं येत नव्हती म्हणे. मला वाईट वाटलं, पण माझ्याकडे माझी होती. खरं सांगायचं तर माझ्या तेव्हाच्या कॉम्प्युटरलाही तो व्हिडिओ झेपत नव्हता. चित्र धक्के खात चालायचं, बाबांचा हात वर जायचा आणि तिथेच थांबायचा, आवाज पुढे निघून जायचा. मी पहिलं मिनिटभर पाहिलं आणि डिस्क जपून ठेवली. चांगला कॉम्प्युटर घेऊ तेव्हा सगळं बघू. आणि बाबा तर होतेच. असलेल्या माणसाचा व्हिडिओ कोण बघत बसतो?

गेल्या मार्गशीर्षात बाबा गेले. यंदा गणपतीला मी घरी गेलो होतो तेव्हा दादाने होडीचा विषयही काढला नाही. दादाने आणि मी एकाच दुकानातून एकसारखे फोन घेतले, एवढंच त्या सुट्टीत झालं. पण नवरात्र संपल्यावर त्याचा फोन आला. "होडी इकलंय. पौषात घेवन जातले."

 धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "होडी गेली तरी जागा माझ्याकडे आसा, दादा."

 तो म्हणाला, "बरां."

त्या रात्रीपासून मला डिस्कची काळजी लागली. होडी गेल्यावर त्या खडकावर आमच्या घरातलं कुणी जाणार नव्हतं. उरणार होती ती ही एक डिस्क. वर्षश्राद्धाला सगळ्यांना बाबा दाखवायचे, त्यांच्या तोंडून जागा ऐकवायची आणि खुणा वहीत नीट उतरवून ठेवायच्या, असं मी ठरवलं. आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरने सांगितलं, डिस्क रिकामी आहे.

मी घाबरलो, पण शास्त्राचा विद्यार्थी आहे, एकेक शक्यता काढून टाकायची सवय आहे. डिस्कवर धुक्यासारखे पांढरे ठिपके होते. आमच्याकडच्या पावसात कपाटातल्या चामडी पट्ट्याला येते तशी बुरशी. मऊ कपडा साध्या पाण्यात भिजवून, मधून कडेकडे सरळ रेषेत पुसली. गोल पुसायची नसते. गोल ओरखडा पडला तर वाचणाऱ्या किरणाला तो लांबपर्यंत आडवा येतो. पुन्हा घातली. रिकामी. मग लक्षात आलं की दोष डिस्कचा नसावा. कॉम्प्युटर जुना, आणि या डिस्कवर फायली मांडायची पद्धत त्याच्यापेक्षा नवी. ज्याला लिपी येत नाही त्याला वही कोरीच दिसणार.

माझ्या लॅपटॉपला डिस्कचा ड्राइव्ह नाही. कॉलेजातला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह रीतसर अर्ज देऊन घरी आणला. जोडला तर तो नुसता टकटक करायचा, फिरायचाच नाही. एका जोडणीतून वीज पुरत नव्हती. दोन पिनांची वायर मिळवली. मग डिस्क फिरली, आणि पडद्यावर फोल्डर आलं. त्या फोल्डरमध्ये आणखी एक, त्यात आणखी. डिस्कवर थेट टिचकी मारली तर लॅपटॉपचा प्लेअर म्हणायचा, हे चालवता येत नाही. म्हणून मी आत आत जात शेवटच्या फोल्डरमधली आकड्यांच्या नावाची फाइल स्वतः उघडली.

बाबा दिसले. डोक्याला टॉवेल, पोटऱ्यांपर्यंत वर ओढलेली पॅन्ट. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता.

मी आवाज वाढवला, स्पीकर बदलले, कानात लावायच्या वायरी लावल्या. बाबा मुक्याने काहीतरी सांगत राहिले. बायको दारात येऊन उभी राहिली आणि गेली. दोन दिवसांनी कळलं की चित्र एका पद्धतीने बांधलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या. माझ्या प्लेअरला चित्र उलगडता येत होतं, आवाज नाही. दुसरा, फुकट मिळणारा प्लेअर उतरवून घेतला. त्यात आवाज आला, पण तीस सेकंदांनी सगळं अडकलं आणि बाबांच्या चेहऱ्याच्या चौकटी चौकटी झाल्या. ड्राइव्ह एका जागी पुन्हा पुन्हा घासत होता. तेव्हा ठरवलं की डिस्कवरून चालवायचंच नाही. आधी फाइल लॅपटॉपवर उतरवायची. साधी उतरवायला गेलो तर मधेच चूक येऊन थांबायची. शेवटी असं एक साधन मिळालं जे खराब तुकडा सोडून पुढे जातं आणि मग मागे येऊन त्या तुकड्यावर हळू फिरत पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. शनिवारी सकाळी लावलं. रविवारी दुपारी ते संपलं. शेवटच्या भागात थोडे तुकडे गेले होते, बाकी सगळं आलं.

मी पाहिलं आणि रडलो. बाबांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. मग थांबवत, मागे नेत, त्यांचे शब्द वहीत उतरवले. कळस, खिंड. काळं खडप, माडांची जोडी. खाली तारीख घातली. ती फाइल माझ्या फोनमध्येही घेतली, जवळ असावी म्हणून.

वर्षश्राद्धाच्या दिवशी ब्राह्मण जेवून गेले, नातेवाईक गेले, आणि दुपारी घरात आम्ही तिघेच उरलो. दादा, वहिनी आणि मी. मी लॅपटॉपची वायर त्यांच्या टीव्हीला जोडली. दादा खुर्चीत न बसता दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"अगो बाय, बाबा!" वहिनीने तोंडावर पदर धरला. वहिनी घाटाच्या पायथ्याच्या गावातली, भातशेती आणि काजूच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला समुद्राची भीती वाटायची, आणि होडीत ती आजतागायत बसलेली नाही. "टॉवेल बघा, तो निळो. तो मी आणलेलो तेंका."

टीव्हीवर चित्र इतकं स्वच्छ होतं की बाबांच्या दाढीचे खुंट मोजता आले असते. मी दादाकडे बघत होतो. मला त्याचा चेहरा बघायचा होता. बाबा म्हणाले, "पयली खूण. देवळाचो कळस डोंगराच्या खिंडीत बसाक व्हयो."

"पण भावजी," वहिनी म्हणाली, "कळस तर खंयच्या खंय आसा."

"कसलो कळस?"

"तो काय! खिंड हकडे, बाबांच्या खांद्यार. आणि कळस थकडे, माडांच्या पलीकडे. खिंडीत खंय बसलो?"

"गो, तू च्या ठेव," दादा म्हणाला.

"च्या ठेवतंय. पण माका दिसता तां सांगतंय."

मी चित्र थांबवलं. वहिनी बरोबर होती. बाबांच्या डाव्या खांद्यावर डोंगराची खिंड, आणि कळस तिच्यापासून हातभर लांब, पडद्याच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात चमकणारा. मी म्हटलं, "होडी वाहवली असतली."  मी चित्र पुढे नेलं. नांगराची दोरी ताठ होती. आणि बाबांच्या मागे दादा गरी ओढत होता, दोरी हात हात वर येत होती आणि टोकाला लालभडक तांबोशी. होडी वाहवलेली नव्हती. होडी बरोबर खडकावर उभी होती. वाहवले होते ते शब्द.

मी पुन्हा मागे नेलं, आणि या वेळी बाबांकडे नाही, त्यांच्या मागे पाहिलं. बाबा "पयली खूण" म्हणाले त्या क्षणी दादाने मान खाली घातली आणि तोंड खांद्यात लपवलं. त्याचे खांदे हलत होते. बाबा "खाली घराण्याचा आसा" म्हणाले तेव्हा त्याने डोकं वर केलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून झालेला माणूस दिसतो तसा तो दिसत होता. तेरा वर्षं मी ती डिस्क जपली होती आणि तेरा वर्षं त्या डिस्कमध्ये दादा मला हसत होता.

दादाने येऊन टीव्ही बंद केला.

आम्ही दोघे खळ्यात, पुढच्या अंगणात आलो. वहिनी आत भांडी जरा जास्तच आवाज करत घासत होती.

"दादा, ह्यां काय?"

"काय काय?"

"बाबांनी माका खोटी खूण सांगल्यानी?"

"खोटी नाय रे," तो म्हणाला. "दुसऱ्या जाग्याची."

"खंयच्या दुसऱ्या?"

"खंयचीच नाय." आणि त्याला पुन्हा हसू आलं, तेच, व्हिडिओतलं. माझा चेहरा पाहून त्याने ते आवरलं. "अरे, तू म्हटलंस पोरांक दाखवतलंय. खूण काय पोरांक दाखवची आसता? खूण होडयेत बसता तेचीच. व्हिडिओत गेली ती गावाची झाली."

"माका सांगूची नव्हती तर नाय म्हणाचा होता."

"तुका?" तो खरोखर चकित झाल्यासारखा म्हणाला. "तुका कोण नाय म्हणतलो? तू शिकलेलो. गुरुजी घरी येवन सांगून गेले तेव्हापासून ह्या घरात तुका कोणी नाय म्हणूक नाय. बाबांका जमला नाय. म्हणान तसा केल्यानी."

"आणि कागदार सही घेतली तेवा? जागा दिलंय म्हणाले माका."

 तो अंगणातली एक सुकी झावळी पायाने बाजूला सारत राहिला.

"आणि तू?" मी म्हटलं. "तेरा वर्सां तू गप ऱ्हवलंस?"

"तू कधी इचारलंस? तुका व्हिडिओ व्हयो होतो. व्हिडिओ गावलो." मग जरा मऊ आवाजात, "एक दिवस म्हटलंस, दादा, माका मासे मारूक होडयेत घे? एक दिवस? दिवाळी-गणपतीक येतंस, मासे खातंस, जातंस. तां बरां आसा. आमकाच तां व्हया होता. पण खूण मागतंस ती कशी?"

हे खरं आहे. हे खरं आहे हे मला तेव्हाही कळलं, आणि त्यामुळे अपमान कमी झाला नाही. मला होडीत घेतलं नाही ते माझ्या भल्यासाठी, आणि होडीत बसलो नाही म्हणून मला जागा नाही. मी आयुष्यभर ज्या गोष्टीचे उपकार मानत आलो, त्याच गोष्टीने मला बाहेर ठेवलेलं होतं. एखाद्या पाहुण्याला घरातल्या माणसांनी आग्रहाने जेवू घालावं आणि तो घरातलाच आहे अशी त्याची समजूत राहू द्यावी, तसं काहीतरी.

मी म्हटलं, "आता सांग मग. होडी तर चालली."

"होडी कित्याक जाता म्हायत आसा? जागा आसा रे, मासो खंय आसा? मोठे यांत्रिक ट्रॉलर येतत, लायटी लावन सगळा उपसून नेतत. दोन वर्सां थंय तांबोशी बघूक नाय मी."

"म्हणजे थंय काय नाय. आणि तू परत जातलंस नाय. मगे सांगूक काय जाता?"

तो समुद्राकडे बघत राहिला. देवळाचा कळस आमच्या खळ्यातून दिसतो. त्याने तिकडे पाहिलं नाही. मला वाटतं मुद्दाम पाहिलं नाही, म्हणजे माझी नजर त्याच्या नजरेमागून जाऊ नये.

"बाबांनी नको म्हटल्यानी," तो म्हणाला.

"कधी?"

"त्याच दिवशी. होडी वर ओढताना. तू कॅमेरो घेवन फुडे गेलंस तेवा."

वहिनीने चहा आणला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, च्या थंड करू नका." मी घेतला. त्या घरातला चहा मी कधी नाकारलेला नाही.

पाचच्या एसटीसाठी मी उठलो तेव्हा दादा पिशवीत नारळ भरत होता, दर वेळी भरतो तसे. पिशवीचं तोंड बांधता बांधता तो म्हणाला, "तां बाबांचा माझ्या मोबाइलात घालून दी रे."

"काय?"

"तोच व्हिडिओ. जागा जावंदे. पण माझ्याकडे बाबांचो आवाज नाय. एकय नाय. फोन करूची पाळीच कधी येवक नाय, दिवसभर होडयेत दोघां वांगडाच. कधी कधी रात्री आठवूक बसतंय, तर हात दिसतत, तोंड दिसता, आवाज येना नाय." त्याने फोन पुढे केला. हात तोच, रेघांचा.

माझा फोन माझ्या खिशात होता. त्याच्यासारखाच, त्याच दुकानातला. फाइल त्यात होती, आवाजासकट, मी कालच ऐकली होती. पाठवायला दोन मिनिटंही लागली नसती.

"तुझ्या फोनवर चालणार नाही ते," मी म्हटलं. मी कॉलेजात बोलतो तशा भाषेत बोललो, माझ्याच कानाला ते जाणवलं. "वेगळ्या प्रकारची फाइल असते. त्याला कॉम्प्युटरच लागतो."

"व्हय?" तो म्हणाला. "मागची डिस्क पण अशीच होती मां." त्याने लगेच विश्वास ठेवला. फोन खिशात टाकला आणि पिशवी माझ्या खांद्याला लावून दिली. "ऱ्हवांदे. कधी जमला तर बघ."

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. नारळ पायाशी ठेवले. कणकवली येईपर्यंत मी फोन बाहेर काढला नाही. मग काढला, कानाला लावायची वायर जोडली आणि व्हिडिओचा शेवटचा भाग लावला, जो मी अजून पाहिलेला नव्हता, कारण तिथे तुकडे गेलेले होते. बाबांचं सांगून झालेलं होतं. कॅमेरा मी बंद केलेला नव्हता. कॅमेऱ्याचा पडदा त्यांना दिसावा म्हणून वळवला असणार. चित्रात नुसत्या होडीच्या फळ्या, माझे पाय, मधे मधे हिरव्या चौकटी. आवाज मात्र साफ होता.

"बघू काय इला तां," बाबा म्हणाले. मग थोडं जवळून, श्वास ऐकू येईल इतक्या जवळून, "एवढ्याशा बोटभर पडद्यार तो कळस दिसता काय रे?"

आणि माझा आवाज, तेरा वर्षांनी लहान, आनंदलेला: "नाय बाबा. इतको बारीक दिसना नाय."

"मगे बरां," बाबा म्हणाले.